कान देणे

मराठी भाषेने कानाला मोठा मान दिला आहे. कोणाचे बोलणे आपण मन लावून ऐकू लागलो, म्हणजे आपण त्यास ‘कान देतो’. वार्ता फारच महत्त्वाची असली, तर ती ‘कानांत प्राण आणून’ ऐकतो. दूरची चाहूल लागली की ‘कान टवकारतो’. ऐकायचे मनात नसले, तर तेच बोलणे ‘कानाआड करतो’, ‘कानांत तेल घालून निजतो’, किंवा ‘या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतो’. जो दुसऱ्याचे सांगणे पारखून न घेता खरे मानतो तो ‘हलक्या कानाचा’. आणि अशा माणसाचे ‘कान फुंकणारा’ कोणी ना कोणी त्यास भेटतोच.

या सर्व वाक्प्रचारांत मला पहिला अधिक आवडतो. कान टवकारणे सशालाही साधते. कान देणे ही मात्र मनुष्याची करणी आहे. त्यातील ‘देणे’ या क्रियापदाकडे जरा बारकाईने पाहा. सामान्यतः आपण असे समजतो, की बोलणारा देतो आणि ऐकणारा घेतो. भाषेने येथे नेमके उलट सांगितले आहे. ऐकणारा हाच येथे देणारा ठरला आहे. तो काय देतो आणि त्यायोगे काय घडते, हे आपण पाहू.

प्रथम कानाचेच काम समजून घेऊ. बाहेरून दिसतो तो कान म्हणजे ध्वनी गोळा करणारा नुसता कर्णा होय. ध्वनीच्या लहरी कानाच्या नळीतून आत शिरतात आणि तिच्या टोकाशी ताणून बसवलेल्या पातळ पडद्यावर आदळतात. पडदा कंप पावतो. त्याच्या मागे एकमेकांना जोडलेली तीन इवलीशी हाडे आहेत. त्यांच्या आकारांवरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे मिळाली आहेत. दोन लोहाराच्या घरची आणि एक घोडेस्वाराच्या! रिकीब ही केवळ ३ मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्या सबंध शरीरात तिच्याहून लहान हाड नाही. ही हाडे पडद्याचा कंप पुढे एका शंखासारख्या वळणदार, द्रवाने भरलेल्या पोकळीत पोचवतात. तेथे सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे १५,००० पेशी असतात. त्या कंपाचा संदेश बनवून तो मज्जातंतूच्या वाटेने मेंदूकडे धाडतात. या पेशी एकदा नष्ट झाल्या, की मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानांत यंत्रे खुपसून कर्कश आवाजात गाणी ऐकणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. हा सारा व्यवहार निमिषमात्रात उरकतो आणि आपण झोपलो तरी थांबत नाही. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत.

परंतु येथवर जे झाले ते केवळ ‘ऐकू येणे’ होय. ‘ऐकणे’ अद्याप सुरूच झालेले नाही. रुळांजवळच्या घरात रात्री आगगाडी धडधडत गेली तरी आईची झोप मोडत नाही. पण कुशीतले तान्हे बाळ किंचित कुरकुरले, की ती तत्काळ उठून बसते. जत्रेच्या गलबल्यात शेकडो आवाज आपल्या कानांवर आदळत असतात. त्यांतून कोणी आपले नाव घेतले, तर तेवढे आपण अचूक टिपतो. म्हणजे कानाच्या दाराशी मन द्वारपाळासारखे उभे असते. कोणास आत घ्यावयाचे आणि कोणास बाहेरूनच परत पाठवायचे, हे ते ठरवते.

हा द्वारपाळ मोठा चंचल आहे, आणि त्याच्या चंचलपणाचे एक साधे कारण आहे. बोलणारा मनुष्य साधारणपणे एका मिनिटात शंभर-दीडशे शब्द उच्चारतो. तेवढ्यांचा अर्थ लावावयास मनाला मिनिटभर लागत नाही. मग उरलेल्या वेळात ते भटकू लागते. गुरुजी पानिपतच्या रणांगणावर पोचलेले असतात, आणि तुम्ही मधल्या सुट्टीतील क्रिकेटच्या मैदानावर! उत्तम ऐकणाऱ्यांपाशीही हा फावला वेळ असतोच. ते तो दुसऱ्या कामी लावतात, इतकेच. हे गृहस्थ आरंभी काय म्हणाले होते? आता सांगत आहेत त्याचा त्याच्याशी संबंध काय? उदाहरण कशासाठी दिले? असे मनाशी जुळवीत गेले, की मनाला मैदानावर जाण्यास सवडच मिळत नाही. वर्गात ज्यास ‘एकपाठी’ म्हणून आपण नावाजतो, तो विद्यार्थी पुष्कळदा हेच करीत असतो.

पूर्वी रात्री निजानीज होताना आजी गोष्ट सांगू लागली, की ऐकणाऱ्यांपैकी एकाने ‘हूं’, ‘हूं’ म्हणत राहावे असा प्रघात असे. यास हुंकार देणे म्हणत. हुंकार थांबला की आजीची गोष्टही थांबे. राजकन्या राक्षसाच्या गुहेत असो की सातव्या समुद्रापलीकडे, ती तेथेच अडकून पडे! एका अक्षराचा तो उद्गार. पण त्यावाचून गोष्ट पुढे सरकत नसे. मिट्ट काळोखात आजीला नातवंडांचे चेहरे दिसत नसत. ‘मी येथे आहे, जागा आहे, तुझ्याबरोबर चाललो आहे,’ एवढे सगळे त्या ‘हूं’मध्ये तिला ऐकू येई.

जी गोष्ट आजीला ठाऊक होती, ती ज्ञानेश्वरांनी भर सभेत सांगून ठेवली आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे त्यांनी भगवद्गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानेश्वरी ही अशी श्रोत्यांसमोर सांगितली गेली आहे. समोर श्रोते होते आणि गुरू निवृत्तिनाथही होते. त्यामुळे या ग्रंथात ज्ञानेश्वर मधूनमधून श्रोत्यांशी बोलतात, त्यांना विनवतात, लडिवाळपणे त्यांच्याकडे हट्टही धरतात. नवव्या अध्यायाच्या आरंभीच त्यांनी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. आणि पुढे एक सुंदर दृष्टांत दिला आहे. चंद्रकांत नावाचा मणी चांदण्यात पाझरतो, अशी जुन्या कवींची कल्पना होती. पाझरतो तो मणी. पण त्याला पाझर फोडण्याचे कसब कोणाचे? चंद्राचे. त्याचप्रमाणे श्रोता नसेल तर वक्ता हा वक्ताच नव्हे, असे ज्ञानेश्वरांचे सांगणे आहे. ज्याच्या वाणीपुढे सारा महाराष्ट्र सातशे वर्षांहून अधिक काळ नम्र झाला, त्या वक्त्याने आपल्या वाणीचे श्रेय असे ऐकणाऱ्यांच्या पदरात टाकले.

आता मी तुम्हांला अशा एका मनुष्याची हकीकत सांगतो, की ज्याने नुसत्या ऐकण्याच्या बळावर एक ग्रंथ उभा केला. ही घटना ज्ञानेश्वरीच्याही काही वर्षे आधीची आहे.

महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी हे गावोगाव फिरून लोकांना उपदेश करीत. ते मराठीत बोलत. पण त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते निघून गेल्यानंतर त्यांचे शिष्य विदर्भातील रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहू लागले. हे रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्यात आहे, आणि शासनाचे मराठी भाषा विद्यापीठही आता तेथेच आहे. त्या शिष्यांचे प्रमुख होते नागदेवाचार्य. त्यांच्यासमवेत म्हाइंभट नावाचे एक विद्वान होते. म्हाइंभट मूळचे शास्त्री-पंडित. आरंभी ते वाद करण्याच्या हौसेनेच चक्रधरांकडे आले होते, असे सांगतात. परंतु आता त्यांना एक चिंता लागली. स्वामींचे शब्द कोठे आहेत? ते पोथीत नाहीत. ज्यांनी ते ऐकले त्यांच्या कानांत आणि मनांत आहेत. ही माणसे आज आहेत, उद्या नसतील. आणि एकेक मनुष्य जाईल त्याबरोबर स्वामींचे एकेक वाक्यही जाईल.

म्हाइंभटांनी काय करावे? ते या माणसांकडे गेले आणि ऐकू लागले. पंडिताला हे किती अवघड गेले असेल, याचा विचार करा. सारे आयुष्य ज्याने दुसऱ्यास शिकवण्यात आणि वादात जिंकण्यात घालवले, त्याने आता साध्याभोळ्या स्त्री-पुरुषांसमोर बसून ‘तुम्ही सांगा, मी ऐकतो’ असे म्हणावयाचे! यांपैकी कित्येकांना शास्त्रांचा गंधही नव्हता. पण स्वामी अमुक गावी अमुक देवळात बसले असता काय बोलले, हे त्यांनी प्रत्यक्ष ऐकले होते, आणि म्हाइंभटांनी ते ऐकले नव्हते. त्या प्रसंगापुरते ते शिक्षक आणि पंडित विद्यार्थी. प्रसंग कोठे घडला, त्या वेळी कोण हजर होते, कोणी काय विचारले, स्वामींनी काय उत्तर दिले, हे सारे म्हाइंभट विचारून घेत आणि मिळालेली माहिती नागदेवाचार्यांकडून पारखून घेत. अशा शेकडो प्रसंगांतून इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ सिद्ध झाला. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ मानला जातो. आपण आज गद्यात निबंध लिहितो, पत्रे लिहितो, हा पाठही गद्यातच आहे. त्या गद्याच्या उगमाशी एका विद्वानाचे ऐकणे आहे.

या ग्रंथाच्या परंपरेतील एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी कधी जुळत नसत. अशा वेळी एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवून मोकळे होणे सोपे होते. पण तसे न करता, एकाची आठवण अशी आहे आणि दुसऱ्याची अशी आहे, हे दोन्ही नोंदवून ठेवलेले आढळते. आपण एखादा निरोप सांगताना मधले विसरलेले शब्द स्वतःच्या पदरचे घालून बेधडक पुरे करतो. सातशे वर्षांपूर्वीच्या या ऐकणाऱ्यांना तो मोह आवरता आला होता.

पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, आणि मग ज्यांना तो ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या आठवणींतून तो पुन्हा लिहिला गेला, असे पंथाची परंपरा सांगते. त्यांपैकी हिराइसा नावाच्या स्त्रीच्या स्मरणशक्तीची मोठी ख्याती आहे. तिच्या नावाने ओळखला जाणारा पाठही आहे. पोथी गेली, पण कान देऊन ऐकलेले गेले नाही.

लीळाचरित्रात आणखी एक व्यक्ती वारंवार भेटते, ती म्हणजे महदाइसा. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिला आपण ओळखतो, तीच ही. ती सतत काही ना काही विचारीत असे. आणि खुद्द चक्रधरांनी तिच्या या जिज्ञासेची कौतुकाने दखल घेतली आहे. त्या काळी स्त्रीने असे प्रश्न विचारणे सर्वत्र रुचत असेल असे नाही. पण तिच्या प्रश्नांमुळे स्वामी बोलले, म्हणून ते बोलणे आज आपल्यापर्यंत पोचले. ऐकणे म्हणजे मुकाट बसणे, असा एक गैरसमज वर्गात आणि घरात बराच पसरला आहे. वर्गात शिक्षकही कधीकधी तो वाढवतात! खरे ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही.

प्रश्न मात्र असा असावा, की त्याने दार उघडेल. मित्र सहलीहून आला. तुम्ही विचारले, “सहल चांगली झाली का?” तो म्हणाला, “हो.” संपले संभाषण! त्याऐवजी “दौलताबादच्या त्या अंधाऱ्या वाटेने जाताना कसे वाटले रे?” असे विचारा. आता त्याला एका शब्दात सुटता यावयाचे नाही. तो आठवेल, सांगेल, हातवारे करील. त्याच्या सांगण्यात “तेथे मशालीच्या उजेडात वटवाघळे दिसली” असे आले, तर पुढचा प्रश्न वटवाघळांविषयीच असू द्या. पुष्कळांचे येथेच चुकते. मित्र वटवाघळांपर्यंत येतो न येतो, तोच ते म्हणतात, “ते काहीच नाही, आम्ही गेलो होतो तेव्हा तर...” आणि मित्राची सहल तेथेच संपून यांची सुरू होते. समोरचा बोलत असता आपण आपले पुढचे वाक्य मनात घोळवीत त्याच्या थांबण्याची वाट पाहतो, तेव्हा आपण ऐकत नसतो. फक्त रांगेत उभे असतो. आणि समोरचा बोलत असता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नजर लावून “हं, हं, बोल तू” म्हणणे, हा तर आजचा कानाडोळाच होय. आजीच्या नातवाचा ‘हूं’ आणि हा ‘हं’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि बोलणाऱ्याला ते लगेच कळते.

कोणी अडखळत बोलणारा असला, तर त्याचा शब्द आपण पुरा करू नये. आपल्याला वाटते, आपण त्यास मदत केली. त्याला वाटते, आपला शब्द याने हिरावून घेतला. तो शब्द उच्चारेपर्यंत शांतपणे त्याच्याकडे पाहत थांबावे. त्यास चारदोन क्षण अधिक लागतील, एवढेच.

बोलल्यापेक्षा न बोललेले ऐकणे हे फार कठीण आहे. शाळेत उशिरा येणाऱ्या सातवीतील एका मुलाची हकीकत मला यासंबंधी नेहमी आठवते. तो रोज पहिल्या तासाला पंधरा-वीस मिनिटे उशिरा येई. कारण विचारले की खाली मान घालून म्हणे, “उठायला उशीर झाला.” दोन शिक्षकांनी त्यास रागे भरले, आणि त्यांच्याकडून ते स्वाभाविकच होते, कारण तो आपल्या तोंडानेच आळशीपणा कबूल करीत होता. पण मराठीच्या बाईंचे लक्ष त्याच्या बोटांकडे गेले. ती रोज सकाळी शाईने काळी झालेली असत, आणि दप्तर तर अजून उघडलेलेही नसे. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला व्हरांड्यात सहज विचारले, “सकाळी किती वाजता उठतोस रे?” तो बोलून गेला, “साडेचारला.” मग त्याच्या ध्यानात आले आणि तो गप्प झाला. बाईही गप्प राहिल्या. ‘मग उशीर कसा होतो? खोटे का बोललास?’ असे त्यांनी विचारले नाही. त्या तेथेच कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, “बाबा पडलेत घरी. पाय मोडलाय. त्यांची पेपरची लाइन मी टाकतो.” ती काळी बोटे वर्तमानपत्रांच्या शाईची होती. वर्गात सर्वांदेखत हे सांगण्याची त्याला लाज वाटे. आळशी ठरणे त्याला त्यापेक्षा बरे वाटले. पुढे वडील हिंडूफिरू लागेपर्यंत त्याला पहिल्या तासाची सवलत मिळाली, आणि त्या तासाचा अभ्यास एक वर्गमित्र त्याला दुपारी सांगू लागला. वास्तविक बाईंनी विशेष काय केले? एक साधा प्रश्न विचारला आणि नंतर आलेली शांतता मोडली नाही. ‘काही नाही’ असे म्हणणाऱ्या तुमच्या मित्रापाशीही कधीकधी पुष्कळ काही असते. त्याने ते सांगितले, तर ते दुसऱ्या बाकावर जाता कामा नये. मात्र त्याच्या बोलण्यावरून त्याच्या जिवाला धोका आहे, किंवा त्यास कोणी त्रास देत आहे असे वाटले, तर ते गुपित म्हणून मनात ठेवू नये. विश्वासातल्या मोठ्या माणसास तत्काळ सांगावे.

आता मतभेदाविषयी. सर्वांचे सर्व बाबतींत एकमत असते, तर संभाषणाची गरजच उरली नसती. आपल्या प्राचीन न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून दोघांनी मिळून केलेली चर्चा तो ‘वाद’. काहीही करून जिंकावयाचेच, या हेतूने केलेली चर्चा तो ‘जल्प’. आणि स्वतःचे काहीच मत न मांडता दुसऱ्याचे तेवढे खोडत राहणे ती ‘वितंडा’. आपला ‘वितंडवाद’ हा शब्द यातूनच आला. गंमत पाहा, की या तिघांत वाद हा सर्वांत उत्तम होता. आज मात्र आपण ‘वाद घालू नका’ असे मुलांना बजावतो! वाद जरूर घालावा. त्यातून जल्प आणि वितंडा तेवढ्या वगळाव्यात.

त्यासाठी आपल्या पूर्वजांपाशी एक नामी युक्ती होती. स्वतःचे म्हणणे मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे आपणच नीट मांडावयाचे. यास ‘पूर्वपक्ष’ म्हणत. तो मांडल्यानंतर मगच आपले उत्तर, म्हणजे ‘उत्तरपक्ष’. तुमच्या वर्गात हा प्रयोग करून पाहा. समजा, सहल रायगडला न्यावी की अजिंठ्याला, यावर दोघांत जुंपली आहे. नियम एवढाच करावा, की ज्याला उत्तर द्यावयाचे असेल त्याने आधी म्हणावे, “तुझे म्हणणे असे आहे ना, की...” आणि समोरच्याने “होय, अगदी हेच” असे म्हटल्यावरच पुढे बोलावे. पहिल्यांदा कोणालाच हे साधत नाही. “नाही, मी असे म्हणालोच नाही!” हे वाक्य चारचारदा ऐकू येते. पण पाचव्या खेपेस बहुधा एखादी नवीच गोष्ट उघडकीस येते. अजिंठ्याचा आग्रह धरणाऱ्या मुलीला लेण्यांची फारशी ओढ नसतेच. आपल्या दुखऱ्या गुडघ्याने रायगडच्या पायऱ्या चढवणार नाहीत, ही तिची खरी अडचण असते. रायगडाला दोराच्या मार्गाने पाळण्यातूनही जाता येते, हे तिला कोणी सांगितले, की भांडण मिटते. अर्धा तास जे भांडले, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते!

ऐकणाऱ्याचे काम आपण पाहिले. बोलणाऱ्याचे कामही ऐकणाऱ्यावरच अवलंबून आहे, आणि त्याचे उदाहरण पुन्हा रिद्धपूरच्या त्या मंडळींतच सापडते. केशिराज हे नागदेवाचार्यांचे विद्वान शिष्य. चक्रधरांची वचने लीळाचरित्रातून वेचून ‘सूत्रपाठ’ सिद्ध करणारे ते हेच. संस्कृतावर त्यांचे प्रभुत्व होते आणि ग्रंथ संस्कृतात लिहावा असे त्यांच्या मनात होते. त्या काळी विद्वानाची प्रतिष्ठा संस्कृतातच होती. पण नागदेवाचार्यांनी त्यांना रोखले. तसे केलेस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, अशा अर्थाचे ते बोलले. पंथातील साध्या वृद्ध स्त्रिया त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. बोलणाऱ्याला काय येते, याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. ऐकणाऱ्यापर्यंत काय पोचते, एवढेच त्यांनी पाहिले.

हीच कसोटी आपण आपल्या बोलण्यास लावावी. धाकट्या भावाला भागाकार समजावताना आपण ‘भाज्य, भाजक’ म्हणून पांडित्य मिरवतो आणि तो बिचारा टकमका पाहत राहतो. त्याच्यापुढे बारा चिंचोके ठेवून “चौघांत वाट” म्हटले, तर तो लगेच वाटू लागेल. आजोबांना दूरध्वनीवरून काही सांगताना भरभर बोलून “ऐकू येत नाही का?” म्हणून खेकसणे सोपे, पण त्यांना मोठ्या आवाजापेक्षा सावकाश आणि स्पष्ट बोलणेच पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. त्यांच्या समोर बसून, ओठ दिसतील असे बोलले, तर त्यांचे निम्मे कष्ट वाचतात.

या पाठाचा स्वाध्याय वहीतला नाही, घरातला आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी सत्तरी ओलांडलेले कोणी असेल. मुंबईत असाल तर त्या आजींनी चाळीतले दिवस पाहिले असतील. कोयनेच्या परिसरातले असाल, तर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आजोबांना आठवत असेल. आणि महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातले असाल, तर १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामावर गेलेले कोणीतरी तुम्हांला भेटेल. त्यांच्यापाशी बसा. ‘दुष्काळ कसा होता?’ असे मोघम विचारू नका. त्या दिवसांत घरात काय शिजत असे, पाणी कोठून आणीत, कामावर लहान भावंडांना कोण सांभाळी, मजुरी हातात पडल्यावर पहिल्यांदा काय विकत घेतले, असे विचारा. ते थांबले तर तुम्हीही थांबा. आठवण विहिरीतल्या पोहऱ्यासारखी असते. ती वर यावयास वेळ लागतो. त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांनी ‘मिलो’ म्हटले असेल, तर तुम्ही ‘परदेशी ज्वारी’ असे करू नका. खाली त्यांचे नाव, गाव आणि सांगितल्याची तारीख घाला. मग तीच हकीकत त्यांच्या भावाला किंवा बहिणीला विचारा. तिची आठवण वेगळी निघाली, तर पहिली खोडू नका. तिच्याखाली दुसरीही लिहा आणि दोघांची नावे त्यापुढे घाला.